पुलोतूच्या पायावरची चटई

लांगीमाइना शिट्टी वाजवत गावात शिरली की बाया आधी अंथरुणं झटकायच्या आणि मग तिला शिव्या द्यायच्या. एकोणीस वर्षं ती महिला समितीची अध्यक्ष होती. मच्छरदाण्या, संडास, चुलीमागचा कचरा, सगळं दर महिन्याला तपासायची. सामोआतल्या घरांना भिंती नाहीत, त्यामुळे लपवायचीही पंचाईत. एकदा तिनं पाद्रीबुवांची मळकी उशी काठीला टांगून गावभर मिरवली. बुवांनी पुढच्या रविवारी नम्रतेवर लांबलचक प्रवचन झोडलं. ही पहिल्या रांगेत बसून घोरली.

तिच्या शिट्टीला भीक न घालणारा माणूस एकच, तिचा नवरा पुलोतू. तो गावाचा वक्ता. पाहुणे आले की पंचांच्या वतीनं बोलायचं, गावाची थोरवी गायची, हे त्याचं काम. तोंड तासभर थकत नसे. डाव्या पायाच्या अंगठ्याला मात्र चार महिने जखम होती.

"खडा लागलाय," तो म्हणे.

"चार महिने? म्हाताऱ्या, खडा लागला की डोंगर कोसळला?"

साखरेचा आजार होता, दोघांनाही ठाऊक होतं. लांगीमाइनाच्या थोरल्या भावाचा पाय असाच आधी घोट्यापासून, मग गुडघ्यापासून गेला आणि शेवटी भाऊच गेला. आता ती रात्री नवऱ्याच्या पायाशी उशी घेऊन झोपायची. वास वाढला तर आपल्याला आधी कळावा म्हणून.

अशात पाच बेटदेशांनी मिळून एक फिरतं पथक उभं केलं. एक डॉक्टर, दोन नर्सा, काम फक्त सडक्या पायांचं. एकट्यादुकट्या देशाला हे झेपणारं नव्हतं, म्हणून सगळ्यांत मिळून एक. पथक एकेका जागी सहा आठवडे राहणार होतं. पहिला मुक्काम कुठे टाकायचा ते ठरवायला पाची देशांची माणसं बेटं पालथी घालत होती. पाळी वर्षभरानं आली असती तर पुलोतूचा पाय काही थांबला नसता. लांगीमाइनानं तीन पत्रं धाडून त्यांना गावात यायला भाग पाडलं.

"जेवायला उकडलेला मासा," तिनं फर्मावलं. "साखरेवर बोलायला येतायत माणसं."

"उकडलेला मासा पुढ्यात ठेवून मी स्वागत करू?" पुलोतू भडकला. "त्यापेक्षा मेलेलं बरं!"

"मग काय, चाललायसच की त्या वाटेनं."

गावानं अर्थातच तीन डुकरं भाजली. पाहुणेही काही रिकाम्या हातांनी आले नव्हते. टोंगावाल्यांनी खारवलेल्या मांसाची पिंपं आणली, तुवालूवाल्यांनी माडीचा काकवीसारखा दाट पाक. साखरेच्या आजारावरची ही सभा बघून मुंग्यांनीसुद्धा हातातली कामं टाकली.

कावा, मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, पिऊन झाला. पुलोतू खांबाला टेकून बसला होता. पाहुण्यांकडे पाय करणं वाईट, पण दुखरा पाय दुमडत नव्हता, म्हणून तो लांब करून त्यावर चटई ओढलेली. त्यानं घसा खाकरला.

"आमच्या गावात रोगराई? वाट चुकून आली तरी लाजून परत जाते! इथली माणसं बघा. दगडासारखी. हे पाय बघा, पोलादाचे!"

पंच खूश झाले. टोंगाची लुसेआने पाहुण्यांची म्होरकी, आयुष्यभर नर्स राहिलेली बाई. रीतीप्रमाणे तिनं मान झुकवली.

"तुमच्यापुढे आम्ही रोगट बेटांची माणसं, दादा. अशा गावात पथक पाठवणं म्हणजे तुमचा अपमान. आम्ही ते आधी दुसरीकडे नेतो."

पुलोतूनं तृप्त होऊन मान डोलावली. स्वतःच्या तोंडानं स्वतःचा पाय घालवला, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मागे बायांत बसलेल्या लांगीमाइनानं शिट्टी फुंकली. भर सभेत. मग ती वाकून पुढे आली आणि नवऱ्याच्या पायावरची चटई ओढून काढली.

वास आपणहून सगळ्यांना भेटून आला.

"हा बघा पोलाद," ती म्हणाली.

पुलोतूचा चेहरा काळाठिक्कर पडला. लुसेआने रांगत जवळ आली, जखमेवर वाकली.

"किती खोटं बोलता हो दादा!"

"वक्ता आहे मी," तो पुटपुटला. "गाव काय रडत दाखवू?"

"आणखी कुणाकुणाचे पाय आहेत असे?"

लांगीमाइनानं शिट्टी पुन्हा ओठांपाशी नेली, तसा मुख्य पंचानंच आपला पाय हळूच पुढे सरकवला. मग त्याच्या भावानं, मग पाद्रीबुवांनी. नऊ पाय निघाले.

तीन आठवड्यांत पथक आलं. पुलोतूची दोन बोटं गेली, पाय राहिला.

वक्त्याची आणि गावाची इज्जत घालवली म्हणून पंचांनी लांगीमाइनाला दंड ठोठावला, एक डुक्कर आणि शंभर अळकुड्या. निकाल सांगायचं काम वक्त्याचंच. पुलोतू काठी टेकत घरी आला, पाय पुढे करून बसला आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाला. ती खाली बसून पट्टी सोडत होती.

"डुक्कर आपलंच जाणार ना?" तिनं विचारलं.

"मध्ये बोलू नकोस. निकाल चाललाय."

"किती राहिलाय?"

"गावाची थोरवी राहिलीय अजून."

"सांग. पाय तेवढा हलवू नकोस."