उलटा भोंगा

देवाने माणसाला कान दिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आमचे साडू नव्हते, असं माझं स्पष्ट मत आहे. असते, तर पापण्यांसारखी काहीतरी सोय त्याने कानांनाही नक्की केली असती. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उमरग्याजवळच्या आमच्या गावात ते दूध सोसायटीत कारकून होते आणि दर रविवारी आमच्या लहानशा चर्चमध्ये गिटार वाजवत. एवढ्यावर भागलं असतं तर आमचं दोघांचं उत्तम जमलं असतं. पण सोसायटीने वार्षिक सभेसाठी माईक, मशीन आणि भोंगा असा सेट विकत घेतला. सभेचा दिवस सोडला तर तो कपाटात पडून असे. साडूंनी चेअरमनच्या मागे लागून तो चर्चसाठी मिळवला, आणि तेव्हापासून पाळकसाहेबांच्या आशीर्वादापासून माझ्या पेटीपर्यंत उपासनेतलं सगळं त्यांच्या अंगठ्याखाली आलं. मी शाळेत मास्तर, चर्चमध्ये पेटीवाला. म्हणजे जे काही सोसायचं ते मी त्यांच्या मांडीला मांडी लावून सोसलं.

गिटार त्यांनी सोलापूरच्या एका लग्नाच्या बँडवाल्याकडून जुनी आणली होती. तिची एक तार तुटली आणि गावात दुसरी मिळेना, तेव्हा साडूंनी सायकलच्या ब्रेकच्या तारेचा पदर उसवून तिथे ओढला. ती तार कुणाच्या बापाला जुमानत नसे. उपासनेच्या घंटेआधी ते गिटार लावायला बसत आणि पहिलं गीत संपलं तरी लावतच असत. मग माझ्याकडे संशयाने बघून म्हणत, "मास्तर, तुमची पेटी उतरलीय." पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात, त्या शनिवार-रविवारच्या मधल्या रात्रीत उतरत नाहीत, हे मी त्यांना परोपरीने समजावलं. त्यावर, "दुष्काळाची हवा हाय, पितळ सुकतंय," असं त्यांनी मला सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, तेही माईकवरून. पुढे कितीतरी दिवस लोक मला रस्त्यात थांबवून पेटीला पाणी पाजलं का म्हणून विचारत होते.

वाजवायचंही त्यांनीच आणि मशीन सांभाळायचंही त्यांनीच. मशीन त्यांच्या गुडघ्याशी असे. ऐन कडव्यात उजवा हात तारांवरून उठायचा आणि बटणावर जायचा, त्यामुळे गिटार कुठल्याही गीताला निम्मीच मिळायची. सेटबरोबर स्टँड एकच आला होता, तो पाळकसाहेबांना. माझ्या पेटीचा माईक खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधलेला, आणि तोही नेमका भात्याच्या तोंडाशी. सुरापेक्षा भात्याची फुसफुसच जास्त ऐकू जायची. एकदा तर हैदराबादकडे निघालेला एक ट्रकवाला टायरमध्ये हवा भरून मिळेल का म्हणून खरोखरच दारात येऊन उभा राहिला. माझी मान शरमेने खाली गेली. साडूंनी मात्र त्याला पुढच्या चटईवर बसवून घेतलं आणि नेमकं कुठल्या वळणापासून ऐकू आलं याची कसून चौकशी केली.

त्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या होत्या आणि पाणी टँकरने यायचं. साडू बसत त्या खिडकीतून रस्ता दिसे. एका रविवारी पाळकसाहेब डोळे मिटून पावसासाठी प्रार्थना करत होते. प्रार्थना चांगली रंगली होती. एवढ्यात बाहेर लिंबावर बांधलेला भोंगा साडूंच्या आवाजात गरजला, "टँकर आलाय! बायांनी घागरी घिऊन या, ढकलाढकली करू नका!" आमेन म्हणायला चर्चमध्ये पाळकसाहेब आणि मी असे दोघेच उरलो. त्या भल्या माणसाला मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी पानीच मागत व्हता न्हवं? आलं की मग." पुढच्या रविवारपासून मशीन भिंतीकडच्या बाजूला गेलं.

अशा माणसाकडे चर्चच्या पंचमंडळींनी एक नाजूक काम सोपवलं, यावरून तीही किती जेरीला आली होती ते कळेल. काम आमच्या सासूबाईंचं होतं. त्या चर्चमध्ये गीत सांगत. म्हणजे एक ओळ आधी त्या एकट्या म्हणत आणि मागून सगळी मंडळी. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांना गीतं तोंडपाठ होती ती सासूबाईंनी घरोघर हिंडून शिकवल्यामुळे. पण दोनेक वर्षांपासून त्यांचे कान गेले होते. सुरुवात एका सुरात व्हायची, शेवट भलत्याच सुरात, आणि मी पेटी घेऊन त्यांच्या मागे धावायचो. नाताळ जवळ आला, बाहेरगावची मंडळी येणार होती. नाताळचं पहिलं गीत वर्षानुवर्षं सासूबाईंचं. नवरा लवकर गेलेला, मुली सासरी. त्यांच्यावाचून अडेल असं जगात तेवढंच एक काम राहिलं होतं. तोंडावर "आता नको" म्हणायची कुणाची छाती होईना. तेव्हा पंचांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, बाईंचा माईक तेवढा बंद ठेवा. त्यांना ऐकू येत नाही, कळायचंही नाही.

"मशीन बंदच ठिवायचं तर मी कशाला पायजे?" साडू म्हणाले. "त्याला लाईटवाले हाईत की."

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिंबाच्या झाडावरचा भोंगा उतरवून आत आणला. तो स्टुलावर ठेवला, लोकांकडे पाठ करून आणि गाणाऱ्यांकडे तोंड करून. मी म्हणालो, "अहो साडूभाऊ, भोंगा लोकांसाठी असतो."

"लोकांला ऐकू येतंय, त्यांचं काय आडलंय? जिला येत न्हाय तिच्याकडं तोंड नको व्हय करायला?"

माईकसमोर भोंगा ठेवला की तो शिट्टी मारतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा भोंगा आठवडाभर शिट्ट्या मारत होता. शाळा सुटली की साडू मला धरून नेत आणि सासूबाईंच्या जागी उभं करत. माझ्या डोक्यावर पदर घालायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं. भोंगा तसूभर इकडे, तसूभर तिकडे, बटण जरा वर, जरा खाली. शेजारच्या म्हशीने दूध द्यायचं बंद केलं, तिचा मालक भांडायला आला. माझ्या डाव्या कानात तर चोवीस तास रातकिडे ओरडत होते. अखेर एक अशी जागा सापडली की आवाज कानात जाई आणि शिट्टी येत नसे. साडूंनी तिथे खडूने रेघ मारली.

नाताळच्या सकाळी चर्च खचाखच भरलं होतं. साडूंनी गिटार खुंटीला टांगली आणि दोन्ही हात मशीनवर ठेवले. पाहुण्यांपुढे वाजवायचं म्हणून हा माणूस वर्षभर बोटं सोलून घेत होता, हे मला ठाऊक होतं. सासूबाई रेघेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिली ओळ उचलली. आवाज कानात शिरला तशा त्या दचकल्या. मंडळीने ओळ घेतली. दुसऱ्या ओळीला सासूबाईंनी सूर सावरायचा प्रयत्न केला, पण गळा साथ देईना. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्याच.

"जावईबापू, ह्यो माजा आवाज हाय?"

"व्हय, आई," साडू म्हणाले.

"कवापासनं असा झालाय?"

सासूबाईंनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "आन् तुमी समदी गप बसलाव व्हय?" मग त्यांनी माझ्या बायकोला दंडाला धरून माईकपुढे उभं केलं. "म्हन तू. तुला येतंय."

साडूंचा चेहरा पडला. सासूबाईंना गायला मिळावं म्हणून केलेल्या खटाटोपाने सासूबाईंचं गाणंच थांबलं होतं. भोंगा उचलायला ते पुढे झाले, तर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या त्यो. मला ऐकू येतंय. लई दिसांनी येतंय." आणि स्टुलाशेजारी खाली बसून, भोंग्याला कान लावून, त्या आपल्या मुलीचं गाणं ऐकू लागल्या. बोटं जमिनीवर ताल धरत होती. साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बटणावरचं बोट त्यांनी हलवलं नाही.

सासूबाई होत्या तोवर भोंगा तसाच राहिला. मग त्या गेल्या, काही वर्षांनी साडूही गेले. आता चर्चमध्ये स्पीकरचे नवे डबे आलेत, त्यांतून आवाज स्वच्छ येतो. परवा उपासना संपल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची पेटी हल्ली गीताच्या मागं राहतीय." तिने तोंडावर सांगितलं, हे बरंच झालं. पण माझ्याकडे भोंगा वळवून ठेवील असा एकच माणूस होता, आणि तो नेमका आधीच निघून गेला, याचा मला साडूंवर अजून राग आहे.