तांदळातलं नाव

लग्नात बाईचं नाव बदलू नका, अशी पत्रकं मी श्रीगोंदा तालुक्यात गावोगावी वाटली. आणि माझ्याच लग्नात, कोल्हारच्या सासरी, मी मुकी बसले होते! देवी खरंच आहे का, हा संशय मला त्या दिवशी आला.

रेणुका आमची कुलस्वामिनी. आईला मूल होत नव्हतं, तेव्हा तिनं नवस बोलला होता, लेक दे, तुझंच नाव ठेवीन. रेणू म्हणजे मातीचा कण. त्यातून आलेली ती रेणुका. तेच माझं नाव.

लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला नवरा अंगठीनं ताटातल्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. आमच्या ह्यांनी शब्द दिला होता, नाव तेच राहील. पण भावकीसमोर सासूबाई म्हणाल्या, "अन्विता लिही. मान कापलेल्या बाईचं नाव घरात नको, अशुभ असतं." आणि हा गडी अंगठी धरून खाली बघत राहिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुराणात रेणुकेच्या नवऱ्यानं हुकूम सोडला, पोरानं आईची मान उडवली, आणि अशुभ कोण? तीच! सभेत माईक हिसकावणारी मी, पण इथं मनातल्या मनात देवीवरच ओरडले, तुझं नाव पुसतायत, बघत काय बसलीस?

तेवढ्यात गर्दीतून हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी येऊन ताटाशी बसली. सासूबाईंना म्हणाली, "बाई, तुमचं म्हायेरचं नाव काय वो?"

"आता ते कशाला?"

"सांगा की. का तेबी अशुभ हाय?"

बायका फिसकन हसल्या. सासूबाई मग हळूच म्हणाल्या, "हौसा."

"त्या नावानं शेवटची हाक कुनी मारली?"

"आईनं. ती गेल्यावर कुनीच न्हाई."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि ताट मुलापुढं सरकवलं. "लिही. हाय तेच लिही."

नंतर चहा द्यायला म्हातारीला शोधलं, तर ती नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुमची पाठराखीन लई तोंडाळ हाय बाई!" माझी पाठराखीण म्हणून आलेली आत्या तर मागं भिंतीला टेकून बसलेली. ती म्हणाली, "अवो, मला वाटलं ती तुमच्या भावकीतली."

ती कोण होती, यावर मी वाद घालणार नाही. नवऱ्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मागणंही मी देवीकडे मागत नाही. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मला वाटायचं. त्या दिवशी गप्प मी होते. बोलली ती. आई, तुझे उपकार.