घासलेली पिन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ब्रेक लाइटचे दोन बल्ब माझ्या तळहातावर होते आणि ते समोरच्या गाडीचे नव्हते. हे मला पक्कं ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. गाडी एका रिटायर हेडमास्तरांची, जुनी पांढरी अँबॅसेडर. मागचे दोन्ही बल्ब गेलेले. सर दुकानाच्या पायरीवर उभे, आणि गाडीत त्यांची बायको व मुलगी.

आधी बल्बचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागच्या लाल काचेआड बल्ब एकच असतो, पण त्यात तारा दोन. एक बारीक. गाडीचे दिवे लावले की ती मंद जळत राहते. दुसरी जाड. ब्रेक दाबला की ती भडकते. मंद लाल एकदम भडक झाला, की मागच्याला कळतं, पुढचा थांबतोय. सगळा खेळ त्या फरकाचा. म्हणून बल्बच्या पितळी बुडाला दोन पिना असतात, एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळे बल्ब होल्डरमध्ये एकाच बाजूनं बसतो. उलटा बसतच नाही.

माझ्याकडे तसे बल्ब संपले होते. डब्यात होते ते सरळ पिनांचे, दोन्ही पिना एका रेषेत. व्होल्ट तेच, तारा दोनच, पण गाड्या वेगळ्या.

"सर, उद्या सकाळी या. मागवून ठेवतो."

"उद्या? अरे, येवल्याला निघालोय पैठणी घ्यायला. या दोघींचं रंगावर एकमत झालंय. ते संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही. बसव काहीतरी."

गाडीतून बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय हं मला."

मी कानस घेतली. एक पिन घासून सपाट केली की बल्ब बसतो. आमच्या लाइनीत सगळेच कधी ना कधी करतात हे. पितळेचा भुगा तळहातावर पडत होता, उन्हात सोन्यासारखा. आणि मी तिथे नव्हतोच. मी मनमाडला होतो. सासुरवाडीत माझी मुलगी होती, अकरा दिवसांची. मी तिला एकदाच पाहिलं होतं. मिटलेल्या मुठी, आणि झोपेत काहीतरी चोखल्यासारखे हलणारे ओठ. हात घासत होते आणि मी त्या ओठांकडे पाहत होतो. ती दुपार आठवली की अजूनही आधी तेच दिसतं, गाडी नंतर.

पिन घासली की एक गोष्ट होते. बल्ब दोन्ही बाजूंनी बसायला लागतो, सुलटा आणि उलटाही. मी दोन्ही बल्ब एकाच पद्धतीनं बसवले.

"सर, ब्रेक दाबा."

"लागला का?"

"लागला."

भर दुपारचं ऊन. काचेत लाल दिसलं, तेवढं मी पाहिलं. मग गाडीचे दिवे लावून पुन्हा ब्रेक दाबून बघायचा असतो. अर्ध्या मिनिटाचं काम. ते मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गाडी पुन्हा दारात. डाव्या बाजूची लाल काच फुटलेली, बंपर आत गेलेला. सरांबरोबर एक हवालदार.

आदल्या संध्याकाळी गाडीचे दिवे लावून परत येताना, ओढा गावाच्या अलीकडे, कांद्याचा ट्रॅक्टर अचानक वळला. सरांनी ब्रेक मारला. मागून एक माणूस मोपेडवर शेवंतीच्या पाट्या घेऊन नाशिकला येत होता. तो थेट गाडीवर आदळला. उजवा गुडघा फुटला. बाई एवढंच सांगत राहिल्या म्हणे, की मागच्या काचेवर सगळी पिवळी फुलं चिकटली होती.

हवालदार म्हणाले, "त्याचं म्हणणं, पुढच्याचा दिवा लागलाच नाय. मागून ठोकणारे सगळे हेच म्हणतात. तू लाइटवाला. लागतो का नाय, तेवढं सांग."

सरांनी ब्रेक दाबला. मी ओंजळीची सावली करून फुटक्या काचेत पाहिलं. लाल होतं. पण फिकं, बारीक तारेचं. त्या क्षणी मला सगळं कळलं. मी दोन्ही बल्ब उलटे बसवले होते.

"लागतो," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी कागदावर लिहून घेतलं, मी सही केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दिवा लागत होता. मात्र गाडीचे दिवे चालू असताना काय होतं, ते कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नवं दुकान, नवं मूल. कारणं तेव्हा पुष्कळ होती.

सर काच बदलायला गाडी ठेवून गेले. दिवेलागणीला मी एकटाच होतो. नवी काच बसवली. गाडीचे दिवे लावले. सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये बांबूचा तुकडा अडकवला, म्हणजे ब्रेक दाबलेला राहतो. मागे जाऊन उभा राहिलो. मग बांबू काढला, पुन्हा लावला. पुन्हा मागे. काही बदलत नव्हतं. चौकातली धूळ निळसर झाली होती, ट्रकांचे आवाज लांबून आल्यासारखे येत होते, आणि समोर ते दोन लाल दिवे, तसेच, भडक, शांत, स्वप्नातले डोळे असावेत तसे. उलट्या बल्बात जाड तार कायमची जळते. ब्रेक दाबला की तिच्यात बारीक तारेची भर पडते. मोठ्या दिव्याच्या उजेडात समई मिसळल्यासारखी, दिसतच नाही. मी किती वेळ बघत होतो, माहीत नाही. मग बरोबर बल्ब आणून बसवले. घासलेले दोन्ही बल्ब ठेचून टाकले.

त्या मोपेडवाल्याचं नाव कारभारी. पुढे काही वर्षांनी तो द्वारकेलाच दिसायला लागला. ताडपत्रीखाली बसून तो हार ओवायचा, बायको विकायची. पाय वाकत नव्हता. भावांनी मळ्यातली गाडी परत त्याच्या हातात दिली नव्हती. गावात नाव पडलं होतं, सपन्या. 'उघड्या डोळ्यांनी झोपतो' म्हणून.

मी हार त्यांच्याकडूनच घ्यायला लागलो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. दसऱ्याला गाड्यांसाठी वीस-पंचवीस हार लागतात. एका दसऱ्याला मी थांबलो होतो. कारभारी दोरा संपला म्हणून उठला. दोऱ्याचं दुकान समोरच, रस्ता ओलांडून. सिग्नल लाल होता, गाड्या थांबलेल्या. तो कडेला उभा राहिला आणि मागे वळून म्हणाला, "अगं, लाल झाला का?"

"झाला की. समोरच हाय ना."

"नक्की?"

"नक्की. जावा आता, नायतर हिरवा व्हईल आणि बसाल उभं." मग मला म्हणाली, "असंच हाय यांचं. डोळं चांगलं हायेत, डॉक्टरला दाखवलं. इश्वास नाय."

तो दोरा घेऊन आला. माझे हार मोजता मोजता सहज बोलला, "मिस्तरी, तुमी लाइटवालं. येक इचारू? समोर दिवा लागल्याला असतो आन माणसाला दिसतच नाय, असं व्हतं का?"

बायकोनं सुटे पैसे मोजणं थांबवलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तिथे मला सांगता आलं असतं. गर्दी नव्हती. त्यानं मला काही केलं नसतं. तसा माणूस नव्हता.

"होतं कधीकधी," मी म्हणालो.

"बघ," तो बायकोला म्हणाला. आणि हसला. त्याला बरं वाटलं. ते हसू मला झोपेत दिसतं. सही केली तेव्हा मी गप्प राहिलो होतो. खोटं बोललो तो या दिवशी. दिवा नीट लागला होता, त्यालाच दिसला नाही, हे मी पक्कं करून टाकलं.

कोणाची जुनी गाडी असेल तर जुना बल्ब काढून दुकानात न्या. नवा त्याच्या शेजारी धरा. पिना बघा. बसत नसेल तर तो तुमचा नाही, कोणी कानस काढली तर गाडी उचला आणि निघा. आणि तपासताना गाडीचे दिवे लावून तपासा. माझी मुलगी आता दहावीला आहे. तिला मी हे शिकवलंय. का शिकवलं, ते सांगितलेलं नाही.

कारभारी वाचत नाही, त्यामुळे हे लिहून काही फिटत नाही. त्याच्यासमोर बसून, त्याच्या बायकोच्या देखत, मला म्हणायचंय: कारभारीभाऊ, त्या संध्याकाळी तुम्ही जागे होता, ब्रेकचा दिवा दिसेल असा लागलाच नव्हता, आणि तो मी बसवला होता. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.