पिशवीखालचा पेपर

माझा मुलगा न्हावी आहे. दुकानात खुर्ची एक, पेपरही एकच. पण तो बातम्या अशा रंगवून सांगतो, की केस कापून झाले तरी गिऱ्हाईक उठत नाही. सगळे त्याला 'बातमीदार' म्हणतात.

मूत्रपिंडं निकामी झाली, तरी त्याचं तोंड काही थकलं नाही. पोटात नळी बसवलीय. तिच्यातून तो घरीच पोटात औषधी पाणी सोडतो. काही तासांनी ते शरीरातली घाण घेऊन पिशवीत उतरतं. नळी जोडताना खिडकी बंद, पंखा बंद, हात घासून धुतलेले, तोंडावर मास्क. उतरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. पाणी गढूळ असलं तर पोटात जंतू शिरले समजायचं आणि पिशवीसकट तडक दवाखाना गाठायचा. हयगय झाली तर नळीच काढावी लागते. मग आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलातलं मशीन, आणि दुकानाला टाळं. त्याला धास्ती आहे ती याचीच.

परवा दुपारी त्याने हाक मारली, "आई, बघ, काचेसारखं पाणी! 'पुलाचं काम पुन्हा रखडलं.' दिसतंय ना?"

मी वाकून पाहिलं. "मला नाही रे दिसत."

"चष्मा पूस आधी."

पुसला. तरी अक्षरं धुक्यातच. मग डोक्यात प्रकाश पडला. पेपर त्याच दिवशीचा होता. सकाळपासून गिऱ्हाइकांना हीच बातमी सांगून आलेल्याला वाचायला डोळे कशाला हवेत? मी कपाटात अंथरलेला जुना कागद ओढून पिशवीखाली सरकवला.

"आता हे वाच."

त्याने वाकून डोळे बारीक केले, पण एकही शब्द लागेना.

"पोट दुखतंय?"

"नाही गं. थोडं जड वाटतंय. चारला एक गिऱ्हाईक आहे, ते उरकून..."

"वाढू दे त्याची दाढी. चल!"

वाटेत विचारलं, "मास्क काढला होतास ना?"

"काढला नव्हता. काल जरा खाली केला. शेजारचे काका खिडकीतून काहीतरी विचारत होते."

"म्हणजे खिडकीही उघडी!"

"बंद खिडकीतून कसं बोलणार, आई?"

डॉक्टरांनी पाणी तपासायला पाठवलं आणि त्याच नळीतून पोटात प्रतिजैविकं सुरू केली. आज पाणी निवळलं.

"वेळेवर आलात," ते म्हणाले. "नळी राहील."

चिरंजीवांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "डॉक्टर, तुमचे कल्ले कोणी कापले हो? एक वर, एक खाली."

एरवी मी चिमटा काढला असता. आज बोलू दिलं.