नव्या ड्राइव्हवर एक फाइल जास्त

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही... तिला तर नाहीच. इथे टोपणनावाने लिहिता येतं म्हणून जमतंय.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पंचवीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय. मशीन आपल्या मनाने काही करत नाही, चूक माणसाचीच असते – ज्युनिअर्सना मी हेच ऐकवत आलोय.

डोंबिवली पूर्व, तिसरा मजला. मार्चमधला रविवार, दुपारचे अडीच. बायको ठाण्याला माहेरी गेलेली. आई हॉलमध्ये मेथी निवडत बसलेली, मी आतल्या खोलीत, दार उघडंच. लॅपटॉपसाठी नवा ड्राइव्ह आणलेला. तो आधी एन्क्रिप्ट केला, म्हणजे पासवर्ड दिल्याशिवाय आतलं अक्षरही कोणाला वाचता येणार नाही, आणि माझी होम डिरेक्टरी, म्हणजे माझ्या सगळ्या फाइल्सचा फोल्डर, त्यावर हलवायला घेतली. पहिल्या कॉम्प्युटरपासूनचं सगळं त्या एका फोल्डरमध्ये आहे. कॉम्प्युटर बदलत गेले, फोल्डर मात्र तोच... नव्या घरात देव्हारा नेतात तसा.

कॉपी झाली की मी दोन्हीकडच्या फाइल्स मोजतो. आकडे जुळल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, ही जुनी सवय.

त्या दिवशी नव्यावर एक फाइल जास्त निघाली.

कमी निघाली असती तर समजू शकलो असतो. जास्त कशी? दोन्ही याद्या शेजारी लावल्या. जास्तीच्या फाइलचं नाव, इंग्रजी अक्षरांत – ‘आईसाठी’.

ती मीच डिलीट केलेली. बावीस वर्षांपूर्वी.

तेव्हा आम्ही कल्याणजवळ मोहन्याला राहायचो. दादाने, माझ्या थोरल्या भावाने, जातीबाहेर लग्न केलं म्हणून बाबांनी त्याला घर बंद केलेलं. तो बडोद्याला. बाबा गेल्यावर त्याने सायबर कॅफेतून मला मेल केला, सोबत आईसाठी पत्र, हीच ती फाइल. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, तेव्हा देवनागरी टाइप करणं कुठलं जमायला! आईला ते वाचता येणार नव्हतं. वाचून दाखवायचं काम माझं.

त्यात होतं, “आई, यंदा गणपतीला आम्ही दोघं येऊ का? नको म्हणालीस तर राग धरणार नाही. सुहासकडून कळव.”

माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे जुन्या वळणाचे. दादा-वहिनी दारात उभे राहिले तर बोलणी फिसकटतील, एवढंच डोक्यात. स्क्रीनकडे बघत मी आईला दुसरंच वाचून दाखवलं – दादा मजेत आहे, कामं फार आहेत, येणं जमायचं नाही. मग मेल डिलीट, फाइल डिलीट. दादाला उत्तर दिलंच नाही.

दोन वर्षांनी तो काविळीने गेला. आई अजून गणपतीत त्याच्या नावाचे दोन मोदक झाकून ठेवते आणि म्हणते, त्याला यायचंच नव्हतं.

तर ती फाइल. जुना ड्राइव्ह पालथा घातला, त्यावर नाही. नवा पुन्हा फॉरमॅट केला, पुन्हा एन्क्रिप्ट, पुन्हा कॉपी. पुन्हा एक जास्त. तीच. तारीखही तेव्हाचीच. उघडली... शब्द न् शब्द तोच.

तेवढ्यात हॉलमधून आई म्हणाली, “सुहास, दादाचं पत्र आलंय का रे?”

दादा गेल्यापासून हे तिने कधीच विचारलेलं नाही. मी म्हटलं, “नाही गं, ऑफिसचं आहे.”

“ओठ हलतायत तुझे. त्याचं पत्र आधी मनात वाचलंस तेव्हा हलत होते तसे.”

मी उठून खोलीचं दार लोटलं. फक्त दार लोटलं.

फाइलचं नाव न सांगता ऑफिसातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, कुठलातरी जुना बॅकअप मिसळला असेल. पण त्या फाइलचा बॅकअप मी कधी घेतलाच नव्हता. ज्या कॉम्प्युटरवर ती होती तो केव्हाच भंगारात गेलाय.

फाइल अजून आहे. डिलीट करायला हात उठत नाही. रोज सकाळी पासवर्ड टाकला की आधी तीच बघतो... आहे ना, म्हणून. की गेली असेल, म्हणून?

आई ब्याऐंशीची आहे. दादाचं पत्र, जसं आहे तसं, तिला वाचून दाखवायचं माझ्याकडून अजून राहिलंय.