वच्छलाताईंचे उरलेले चार महिने

देवाची भांडी चिंच लावून ठेवली होती. समई घासून झाली, तबक तसंच राहिलं, कारण वरच्या मजल्यावरच्या वच्छलाताई दाराशी उभ्या होत्या, उंबऱ्यापासून लांब, तोंडावर पदर धरून. आरोग्य केंद्रात सोबत येतेस का, म्हणाल्या.

वच्छलाताई नरखेडकडच्या. जन्म संत्र्याच्या बागेत गेला. यजमान गेल्यावर मुलानं, सुशीलनं, इथे मनीषनगरात, आमच्याच इमारतीत, फ्लॅट घेऊन दिला आणि तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. आमच्या गुरुवारच्या भजनात झांज त्यांच्याकडे असायची. होळीनंतर खोकला लागला, तपासणीत टीबी निघाला, आणि झांज दुसऱ्या हातात गेली. येऊ नका असं कोणी म्हटलं नाही, फक्त निरोप जाणं बंद झालं. प्रसाद मी नेमानं द्यायची, पण दाराच्या कडीला पिशवी अडकवून. लिहिताना लाज वाटते.

गोळ्यांना दोन महिने झाले. खोकला गेला, थुंकीत जंतू नाहीत असंही आलं. आता त्यांना गोळ्या बंद करायच्या होत्या. औषध थांबलं म्हणजे आजार संपला, आणि तसं कळलं की बाया पुन्हा घरी येतील, एवढंच त्यांच्या मनात.

केंद्रातल्या दामिनी सिस्टरनं शांतपणे समजावलं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर आजार उलटतो, मग या गोळ्या पुरत नाहीत. गोळ्या सहा महिने घ्यायच्या हे तिनं किंवा इथल्या डॉक्टरांनी मनानं ठरवलेलं नाही. खूप रुग्णांचं पाहून देशभरासाठी उपचाराची पद्धत लिहून दिलेली आहे, त्याप्रमाणेच चालायचं. आता यांच्यापासून कोणाला भीती नाही, हे मात्र तिनं माझ्याकडे बघून सांगितलं.

वच्छलाताई हळूच म्हणाल्या, "देशाले का माहीत वं, माह्या घरी दोन महिन्यांत कोणी आलं नाही ते?"

सिस्टरनं कार्ड पाहत विचारलं, गोळ्या कोणासमोर घेता? इथे मुलाचं नाव आहे, तो तर गावात नाही.

"देवासमोर घेते."

"आजी, देव काही सही करत नाही. रोज गोळी घेताना पाहायला जवळचं एखादं माणूस लागते, तेही त्याच पद्धतीत लिहिलं आहे."

वच्छलाताई पदराचं टोक पिळत बसल्या. एवढ्या मोठ्या इमारतीतलं एक नाव त्यांना सुचेना. मी शेजारच्या खुर्चीत होते, तरी माझंही नाही.

मी म्हटलं, माझं नाव लिहा, चारुशीला.

परतताना ऑटोत त्यांनी विचारलं, "रोज येशीन?"

चार महिने रोज, मी म्हटलं.

"अन् मंग?"

घरी येऊन मी राहिलेलं तबक घासायला घेतलं.

उद्या सकाळी सातला वर जायचं, त्यांना समोर बसून गोळ्या द्यायच्या आणि कार्डावर सही करायची.