तांदळाच्या ताटातलं आडनाव

नव्या तांदळाचा वास आला की बाग सेवनिया वस्तीतला तो लग्नाचा हॉल आठवतो. आईचं दुसरं लग्न नुकतंच लागलं होतं. नव्या आजींनी तांदूळ पसरलेलं ताट पुढे केलं आणि आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या नव्या बाबांच्या, हाती अंगठी दिली. "सुनेचं नवीन नाव लिही. पोरीचंही आडनाव बदलून टाक, एका घरात दोन कशाला?" गेलेल्या बाबांचं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. मी म्हणाले, "माझं राहू द्या." "लोक विचारतील ना, बेटा," आजी म्हणाल्या. "विचारू देत, मी सांगेन." नव्या बाबांनी अंगठी आईला दिली. तिने तांदळात आपलं जुनंच पूर्ण नाव लिहिलं, खाली माझं; दोन्हींपुढे गेलेल्या बाबांचंच आडनाव. आजी रुसल्या, पण जेवल्या. आज आमच्या दारावर दोन आडनावं आहेत आणि बाईला न विचारता तिचं नाव ताटात लिहिणाऱ्यांशी माझं भांडण चालूच आहे.